हंड्यातले पीठ

शास्त्रवाचन : २ राजे ४:३८–४४



नागपूरहून हावड्याकडे जाताना राजनांदगाव मागे पडले, की दुर्ग येण्यापूर्वी रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. भिलाईच्या पोलादनगरीपासून हे गाव फार लांब नाही. औद्योगिक वसाहतीची धुरांडी दुरूनच दिसतात आणि त्यांच्या आसपास भाताची शेते पसरलेली आहेत. जानेवारीत, भात कापून नेल्यावर, ह्या शेतांत खुंटांवाचून काही असू नये. परंतु त्या खुंटांमधून निळ्या फुलांची एक हिरवी वेल जमीन झाकून टाकते. ही लाखोळी. छत्तीसगढी माणूस तिला तिवरा किंवा लाखडी म्हणतो, व्यापारी खेसारी म्हणतात. भात उभा असतानाच, कापणीच्या पंधरा दिवस आधी, शेतकरी तिचे बी ओल्या चिखलात फेकून देतो. ना नांगरट, ना खत, ना पाण्याची पाळी. जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते, आणि कडधान्याच्या जातीची असल्याने हवेतला नत्र मुळांशी साठवून पुढच्या भाताला खतही ठेवून जाते.

हंगामाच्या उपकारस्तुतीनिमित्त तेथील एका मराठी कुटुंबात माझा मुक्काम होता. शनिवारी दुपारी पाने वाढली गेली, तेव्हा शेजारची एक वृद्ध बाई वाटीभर पालेभाजी घेऊन आली. सारे तिला दाई म्हणत; छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. भाजी तिवऱ्याची आहे असे कळताच माझा हात थांबला. माझे बालपण भंडाऱ्याकडचे. लाखोळी खाणाऱ्याचे पाय जातात, हे मी अक्षरे शिकण्याआधी शिकलो होतो. मी वाटी हळूच बाजूला सारली. यजमानीणबाई अवघडल्या. दाईच्या ते लक्षात आले, आणि ती उंबऱ्यावर बसून सांगू लागली.

तिचा धाकटा भाऊ अशानेच अपंग झाला होता. ज्या साली भात बुडाला त्या साली घरात लाखडीवाचून दुसरा दाणा नव्हता. सकाळी तिची भाकर आणि रात्री तिचीच डाळ. काही महिन्यांत त्या तरण्याबांड मुलाच्या पोटऱ्या ताठल्या, मग काठी आली, मग दोन्ही हात टेकून सरपटणे आले. पुढे तो पुष्कळ वर्षे जगला, पण पायांवर उभा राहिला नाही. मी विचारले, "मग दाई, तुम्ही अजून हीच भाजी कशी खाता?" ती म्हणाली, "आता घरात भात आहे, साहेब. तेव्हा नव्हता."

वाचकहो, त्या रात्री मी दुसऱ्या दिवसासाठी तयार केलेला संदेश बाजूला ठेवला आणि अलीशाच्या हंड्याची गोष्ट काढली.

गिलगालात दुष्काळ पडला आहे. संदेष्ट्यांचे शिष्य समोर बसले आहेत आणि अलीशा सेवकाला मोठा हंडा चुलीवर चढवायला सांगतो. त्यांतला एक जण भाजीपाला शोधीत रानात जातो. त्याला एक रानवेल सापडते. तिची फळे तो ओटीत भरून आणतो आणि चिरून हंड्यात टाकतो. ती कसली, हे कोणालाच ठाऊक नसते. घास तोंडात जाताच ओरड होते की हंड्यात मरण आहे. येथे आपण थोडे थांबू या. त्या शिष्याला आपण मूर्ख म्हणतो. परंतु सुकाळात कोणी रानवेली चिरीत नाही. विषापर्यंत त्याला भुकेने नेले. आणि अलीशाने काय केले? तो हंडा उपडा करू शकला असता. विष ते विषच, ओतून टाका, असे म्हणणे सोपे होते व धर्माला शोभणारेही होते. तथापि ओतून टाकल्यावर त्या भुकेल्या माणसांनी खायचे काय? त्याने पीठ मागविले, हंड्यात घातले, आणि लोकांना वाढा असे सांगितले. हा परमेश्वराचा चमत्कार होता, यात शंका नाही. पण चमत्काराला त्याने साधन निवडले ते घरातले पीठ.

आता मानवी संशोधनाने ह्याच हंड्याविषयी काय शोधून काढले ते पाहा. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सागर भागाची हकिकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारांनी गहू झोडपला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली रोगाने पीक नेले. तिन्ही वर्षे तगली ती एकटी तिवरी. लोकांनी तिच्यावरच दिवस काढले, आणि १८३३ पासून गावोगावची तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. दाईच्या भावाचीच ही कथा, शतकाहून अधिक आधीची. त्यानंतर १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ह्या दाण्यातले विष वेगळे काढले. त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेणारे चेतातंतू त्याने निकामी होतात, आणि एकदा गेलेले बळ परत येत नाही. मात्र अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. ही डाळ आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक होते, आणि दोन-तीन महिने अखंड खाल्ली जाते, तेव्हाच बहुधा पाय जातात. इतर धान्यांत मिसळून, थोडी, कधीमधी खाणाऱ्यांत हा रोग सहसा आढळत नाही. शिवाय डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो. दाई एकही पुस्तक वाचलेली नव्हती. ती उंबऱ्यावर बसून हेच सांगत होती.

शासनाने १९६१ साली विक्रीबंदीचा नियम केला. तो लागू करणे राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्रात बंदी आली, छत्तीसगढात पीक चालूच राहिले. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवरा हे अल्प विषाचे वाण काढले. २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी अशा वाणांना अनुकूलता दाखविली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. लाखोळीची वकिली करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ करणारे आहेत, आणि ते पाप आहे, कारण खाणाऱ्याला आपण काय खातो हेच कळत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. गरिबाच्या हंड्यातले काढून घेण्याचा नियम कागदावर एका दिवसात होतो. त्यात पीठ घालण्याला फार वेळ लागतो. छत्तीसगढात आज हा रोग क्वचितच दिसतो. त्याची कारणे अनेक असतील, पण शिधापत्रिकेवर मिळणारा स्वस्त तांदूळ हे त्यांतले मोठे कारण आहे. २०१२ साली त्या राज्याने अन्नसुरक्षेचा कायदाच केला. उशिरा का होईना, हंड्यात पीठ पडले.

पण बंधुभगिनींनो, गोष्ट येथे संपत नाही, आणि मला खरे भय वाटते ते पुढच्या भागाचे. पिठाने हंडा सुधारला हे खरे. आता मात्र हंड्यात नुसते पीठच उरले आहे. रसमड्याच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या कामगाराचा डबा उघडून पाहा, किंवा आपल्याच घरचे ताट पाहा. पांढऱ्याशुभ्र भाताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी चमचाभर डाळ. चहाबरोबर मैद्याची बिस्किटे. भारतीय माणसाच्या आहारातील ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के केवळ पिष्टमय पदार्थांतून येते, असे आयुर्विज्ञान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आढळले. त्याच पाहणीने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवून दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराचे १७ मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. देशातील रोगांच्या भारापैकी ५६ टक्क्यांहून अधिक भार अयोग्य आहारामुळे आहे, असा अंदाज त्यांत दिला आहे. तृणधान्ये निम्म्याहून कमी ठेवा, डाळी, भाजीपाला, फळे वाढवा, हा त्यांचा सारांश. भरडधान्यांकडे वळा असेही ते सांगतात. ज्या कोदो-कुटकीला छत्तीसगढच्या रानात गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले गेले, तिच्यासाठी २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी साजरे केले! एकाच अन्नावर जगणाऱ्याला तेव्हा लाखोळीने पांगळे केले. आज तांदूळ आणि साखर तेच काम करीत आहेत, पायांऐवजी डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर.

दानीएलाने दहा दिवस शाकान्न व पाणी घेऊन आपली तपासणी करवून घेतली, त्यावरून शाकाहाराचे व्याख्यान देणारे आपल्यात आहेत. मला तो अर्थ पटत नाही. दानीएलापुढे राजाचे ताट होते, त्याला नाकारण्याची सोय होती. दाईच्या भावापुढे कोणते दुसरे ताट होते? यहेज्केलाला गहू, जव, कडधान्ये व भरड धान्ये एकाच भांड्यात घालून भाकर करण्यास सांगितले गेले, तेही वेढ्याच्या दिवसांतले, मापून खाण्याचे अन्न होते. त्याला आरोग्याचा मंत्र म्हणणे हा शास्त्राचा विपर्यास होईल. पौलाने करिंथकरांना दोष लावला तो काय खाता म्हणून नव्हे, तर एकाच मेजावर एक जण भुकेला राहतो आणि दुसरा तृप्त होऊन मस्त होतो म्हणून. आमच्या प्रीतिभोजनांतही शीतपेयांच्या बाटल्या पहिल्या पंक्तीला असतात, आणि शेवटच्या पंक्तीला, जेथे शेतमजूर व झाडूकाम करणाऱ्या भगिनी बसतात, नुसता भात उरतो. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण पहिल्या पंक्तीत पाळकाची खुर्ची असते.

प्रभूने रोजच्या भाकरीचे मागणे शिकविले ते 'मला' असे नव्हे, 'आम्हांस' असे. ह्या एका शब्दात दाईचा भाऊही येतो, हे मी पन्नास वर्षे ती प्रार्थना म्हणून त्या रात्री प्रथम समजलो.

अलीशाच्या गोष्टीलगतच दुसरी गोष्ट आहे, म्हणून मी शास्त्रवाचन पुढे नेले आहे. बाल-शालीशाहून एक मनुष्य येतो. दुष्काळाचेच दिवस, तरी पहिल्या पिकाच्या जवाच्या वीस भाकरी आणि हिरवी कणसे तो आणतो. जव हे त्या देशातले साध्या माणसाचे धान्य. अलीशा त्या भाकरी स्वतःकडे ठेवीत नाही, लोकांस वाढा म्हणतो. शंभर माणसे खातात आणि तरीही उरते.

रविवारी रसमड्याच्या त्या घरच्या अंगणात उपासना झाली. अर्पणात तांदळाची पोती होती, पपया होत्या, भोपळे होते, कोणी थोडी कुटकी आणली होती. दाई आमच्या विश्वासाची नव्हती. तरी तिने यजमानीणबाईंच्या हाती तिवऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची एक जुडी पाठविली होती. उपासनेनंतर प्रथेप्रमाणे वस्तूंचा लिलाव झाला. तांदूळ गेला, भोपळ्यांवर चढाओढ झाली. जुडीपाशी आल्यावर बोली थांबली. कोणी हसले, कोणी माझ्याकडे पाहिले.

मी ती घेतली. संध्याकाळी यजमानीणबाईंनी ती चिरून उकळली, पाणी टाकून दिले, मग लसणाची फोडणी दिली आणि भातासोबत ताटात थोडी थोडी वाढली. दाईला बोलावणे धाडले होते. ती आली, उंबऱ्यावर बसू लागली, तेव्हा यजमानांनी तिच्यासाठी आत पाट मांडला.