रक्त देणारी कारिन

ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली आला. त्यातला रक्त पिणारा व्हॅम्पायर काउंट आरशात दिसत नाही, आणि पाहुण्याचा दाढीचा आरसा तो खिडकीबाहेर भिरकावून देतो. पुढच्या शंभर वर्षांत या पिशाच्चाची दहशत ओसरली, तो देखणा झाला, प्रेमात पडू लागला. पण त्याच्या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत जवळची वाटते ती एक जपानी शाळकरी मुलगी, युना कागेसाकी यांच्या ‘कारिन’ या मांगाची नायिका. २००३ ते २००८ या काळात ही चित्रकथा एका मासिकातून क्रमशः आली आणि तिचे १४ खंड झाले.

कारिन माका व्हॅम्पायरांच्या घरात जन्मली, पण तिच्या अंगात रक्त कमी पडत नाही, उलट वाढतं. महिन्यातून एकदा ते इतकं साचतं की कुणाला तरी चावून ते त्याच्या अंगात सोडावं लागतं. वेळेत जमलं नाही, तर नाकातून कारंजं उडतं. घरचे रात्री जागे, ही दिवसा शाळेत. घरच्यांच्या लेखी ती बिघडलेलं अपत्य. आईवडिलांची माया आहे, पण त्या मायेतही ‘हिचं कसं होणार’ हा घोर कायम आहे. आपल्यात काहीतरी खोट आहे, हे कारिन कुणी वेगळं न सांगताच शिकली आहे.

तिचं रक्त उसळतं ते दुःखी माणूस जवळ आला की. आणि वर्गात नेमका उसुई केन्ता येतो. गरीब, बिनबापाचा, आईसोबत कशीबशी गुजराण करणारा. तो शेजारून गेला तरी तिचं नाक धरायची वेळ येते. मग कारिन त्याच्यासाठी रोज डबा करून आणते. पोट भरलं की त्याचं दुःख थोडं कमी होतं, दुःख कमी झालं की तिचं रक्त शांत राहतं. सुरुवात अशी निव्वळ सोयीची आहे. पण डबा उघडताना त्याचा चेहरा खुलतो, आणि ते पाहायला ती उत्सुक असते. पुढचं प्रेम मला खरं वाटतं ते या डब्यामुळे. चंद्रप्रकाशातल्या शपथांनी ते साधलं नसतं.

महिन्याचं रक्त, ते लपवण्याची धडपड, वेळ चुकली तर चारचौघांत शोभा. यातून काय सुचवलंय ते मराठी वाचक स्त्रियांना सांगावं लागणार नाही. ‘कावळा शिवला’ म्हणत बाजूला बसवलेल्या बायकांच्या पिढ्या आपल्या घरांत होऊन गेल्या, आणि लोणच्याच्या बरणीला हात लावू न देणारी घरं अजूनही आहेत. कागेसाकी त्या लाजेवर भाषण करत नाहीत. त्या रक्त नाकात नेतात, अख्ख्या पानभर उडवतात आणि आपल्याला हसवतात. लपवायची गोष्ट सगळ्यांदेखत इतकी मोठी झाली की तिचा धाक उरत नाही. या कथेला हलकेपणा हवाच होता. गंभीर सुरात सांगितली असती, तर कारिनची कीव आली असती, आणि कीव करणाऱ्यांची तिला आधीच कमी नव्हती.

ती ज्याला चावते त्याची उदासी निवळते, अंगात उमेद येते. पुढे तर तिचं रक्त व्हॅम्पायरांच्या अख्ख्या जमातीला तारणारं ठरतं. इथे माझा कथेशी मतभेद आहे. खोट म्हणून हिणवलेली गोष्ट देणगी निघाली की वाचक सुखावतो. पण उपयोगी ठरल्यावर मिळालेला मान हा जगाने दिलेला मान. त्या रक्ताचा कुणालाच उपयोग झाला नसता, तर कारिनने जन्मभर मान खाली घालून जगायचं होतं का? तिचा खरा विजय त्याआधीच झाला आहे: केन्तासमोर ती लपणं सोडते, तेव्हा. तोवर तिच्या रक्ताची किंमत कुणाला कळलेली नसते.

शार्लेन हॅरिस यांच्या ‘डेड अंटिल डार्क’मधली (२००१) सूकी स्वतःतल्या खोटेचा हा प्रश्न दुसऱ्या बाजूने भोगते. लुइझियानातल्या बारमध्ये काम करणाऱ्या सूकीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, आणि त्याला ती स्वतःचं अपंगत्व म्हणते. व्हॅम्पायर बिलचं मन मात्र तिला ऐकू येत नाही. त्याच्याजवळ शांतता मिळते, म्हणून तो आवडतो. विसावा मिळणं आणि स्वतःशी पटणं यांत अंतर आहे. ते कापायला सूकीला या मालिकेच्या १३ कादंबऱ्या लागतात, आणि अखेर ती कुठल्याही व्हॅम्पायरजवळ थांबत नाही.

कारिनचा शेवट मला सलतो. ती माणसांत सुखाने नांदावी म्हणून घरचे तिच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकतात. तिला केन्ता मिळतो, संसार मिळतो, पण ज्या मुलीने लाजेवर मात केली ती मुलगीच तिला आठवत नाही. घरच्यांचा त्याग मोठा आहे, तरी हा निर्णय कारिनने घ्यायला हवा होता.

असं व्हॅम्पायरांचं साहित्य वाचणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत, आणि ‘काय हे भुताखेतांचं वाचतेस’ एवढंच त्यांना ऐकायला मिळतं. पुस्तक बाजूला ठेवायला सांगण्याआधी ‘कारिन’चा एक खंड मुलीकडून मागून घ्या आणि पुरा वाचा. मग तिला विचारा, कारिनच्या जागी तू असतीस तर आठवणी पुसू दिल्या असत्यास का?