भूतकाळाआधीचा भूतकाळ

चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलातले ‘खुला हात’ हे शिल्प १९८५ साली उभे राहिले. ज्याची ती कल्पना, तो वास्तुविशारद ल कॉर्बुझिए १९६५ मध्येच वारला होता. हे दुसरे वाक्य फ्रेंचमध्ये नेताना ‘प्ल्युस-क-पार्फे’ हा काळ वापरावा लागतो. एका भूतकाळाच्याही आधी जे घडून गेले, त्याचा हा काळ. सेक्टर ३६ मध्ये कॉर्बुझिएच्याच नावाची आलियाँस फ्रान्सेज आहे. तिथे फ्रेंच शिकणाऱ्यांना उदाहरणांसाठी पॅरिसला जायची गरज नाही, कारण त्यांच्या शहराची गोष्ट या काळावाचून धड सांगताच येत नाही.

चंदीगड म्हणजे कॉर्बुझिए, हे समीकरण आता पक्के झाले आहे. पण फेब्रुवारी १९५१ मध्ये तो इथे आला तेव्हा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजकाने शहराचा आराखडा केला होता. मेयरचा सहकारी मॅथ्यू नोविकी ऑगस्ट १९५० मध्ये इजिप्तमधल्या विमान अपघातात मरण पावला होता, आणि त्यानंतरच सरकारी अधिकारी नव्या वास्तुविशारदाच्या शोधात युरोपात गेले. जिथे शहर वसले तिथे गावे होती, शेते होती. ‘आला’ आणि ‘केला होता’ यांतले अंतर पुसून टाकले की सगळे श्रेय एकाच्या खात्यावर जमा होते. व्याकरणाचा काळ असा इतिहासाच्या न्यायाशीही जोडलेला असतो.

रचनेत अवघड काही नाही. ‘आव्हार’ किंवा ‘एत्र’ या साहाय्यक क्रियापदाचे अपूर्ण भूतकाळातले रूप घ्यायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवायचे. ‘झाव्हे पार्ले’ म्हणजे मी बोललो होतो. ‘एल एते आले’ म्हणजे ती गेली होती. येणे, जाणे, जन्मणे, मरणे अशी मोजकी क्रियापदे आणि सगळी आत्मवाचक क्रियापदे ‘एत्र’ घेतात; बाकीच्यांना ‘आव्हार’.

माझा आक्षेप रचनेला नाही, ती शिकवण्याच्या वाटेला आहे. चंदीगड असो वा पुणे, आपल्याकडे फ्रेंच शिकवली जाते ती बहुधा इंग्रजीतून. इंग्रजीत ‘शी हॅड गॉन’ म्हणा की ‘ही हॅड गॉन’, क्रियापद हलत नाही. मग फ्रेंचमध्ये कर्ता स्त्रीलिंगी असेल तर ‘एत्र’सोबतच्या धातुसाधिताला जादा ‘ए’ लावा, हे विद्यार्थ्याला शिक्षेसारखे वाटते. ‘तो गेला होता, ती गेली होती’ हे त्याला दोन वर्षांचा असल्यापासून येते. फक्त त्या वर्गात त्याची कुणी आठवण करून देत नाही. हिंदी-पंजाबी बोलणाऱ्या चंदीगडकरालाही ‘गया’ आणि ‘गई’ शिकवावे लागत नाही.

‘आव्हार’ची गंमत याहून मोठी आहे. ‘मी चिठ्ठी लिहिली होती’ यात क्रियापद कर्माच्या मागे जाते. फ्रेंचमध्येही कर्म आधी आले की धातुसाधित त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: चिठ्ठी मागाहून आली तर ‘एक्री’, आधी आली तर ‘एक्रीत’. हा नियम सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारो या कवीच्या नावावर सांगितला जातो. खुद्द फ्रेंच मुले त्यावर अडखळतात, आणि तो सोडून द्यावा अशी मागणी २०१८ मध्ये बेल्जियममधून झाली. कर्मणी प्रयोगात वाढलेल्या माणसाला मात्र कर्माप्रमाणे क्रियापद बदलण्यात नवल वाटू नये.

वर्गात एक हरकत हमखास घेतली जाते: विद्यार्थी नाना भाषांचे, मग इंग्रजीवाचून कसे चालेल? बंगाली मुलाला हा आधार मिळणार नाही, हे मान्य. पण जिथे निम्म्याहून अधिक वर्ग मराठी आहे, तिथेही आपण हाच बहाणा करतो.

मराठी इथे दगाही देते, आणि तो दगा इंग्रजीच्या वाटेने गेल्यास दिसतही नाही. ‘काल मी बाजारात गेलो होतो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. कशाच्या आधी गेला होतात, असे कुणी विचारत नाही. आपला ‘होतो’ पुष्कळदा एवढेच सांगतो की गोष्ट संपली. ‘तो आला होता’ म्हटले की तो परत गेला, हे ऐकणाऱ्याला कळते. फ्रेंच ऐकणारा मात्र हेच रूप ऐकून थांबून राहील. त्याला आधार म्हणून भूतकाळातली दुसरी घटना हवी असते. आपण इंग्रजीतही ‘आय हॅड गॉन टु द मार्केट यस्टरडे’ म्हणतो, म्हणजे आपली इंग्रजी आतून मराठीच असते. ती चूक तशीच फ्रेंचमध्ये उतरते, आणि ती कुठून आली हे शिक्षकालाही सांगता येत नाही.

संकेतार्थाचेही तसेच. नेहरूंनी विरोध केला नसता तर कॉर्बुझिएचे राजभवन कदाचित उभे राहिले असते. इथे मराठी दोन्ही अंगांना ‘असते’ लावते. फ्रेंचमध्ये ‘जर’च्या बाजूला प्ल्युस-क-पार्फे येतो आणि ‘तर’च्या बाजूला वेगळे रूप. हा फरक मराठीसमोर ठेवूनच नीट समजतो.

उलट दिशेने हे काम कधीच झाले आहे. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये निघाला, आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. एका फ्रेंच विद्वानाने आपल्या धातुसाधितांचा माग थेट प्राकृतापर्यंत काढला. आणि ते त्याने इंग्रजीत नव्हे, स्वतःच्या भाषेत मांडले. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांनी आता मराठीतून फ्रेंचचे व्याकरण लिहावे, आणि त्यात कर्तरी-कर्मणी प्रयोगांचे प्रकरण पहिले ठेवावे.