समावर्तनानंतर

पदवीधराला आपल्या भाषेत 'स्नातक' असा जो दुसरा शब्द आहे, त्यात एक स्नान दडलेले आहे, याची आठवण आता फारशी कोणास उरलेली नाही. गुरुगृहीचे अध्ययन संपले म्हणजे शिष्याने विधिपूर्वक स्नान करावे, मेखला-दंड टाकून नवी वस्त्रे ल्यावीत आणि घरी परतावे, हा समावर्तनाचा संस्कार. आणि ज्याचे ते स्नान झाले आहे पण विवाह व्हावयाचा आहे, तो स्नातक. ब्रह्मचर्य सुटलेल्या व गार्हस्थ्य न लागलेल्या या मधल्या इसमाचे काय करावे, हा प्रश्न गृह्यसूत्रकारांनी मोठ्या गांभीर्याने घेतला होता. व्रते अपुरी राहूनही ज्याने वेद पुरा केला तो विद्यास्नातक, वेद अपुरा राहूनही ज्याने व्रते शेवटास नेली तो व्रतस्नातक, आणि दोन्ही साधली तो विद्याव्रतस्नातक, अशी त्याची प्रतवारी पारस्कराने लावली आहे. तिच्यात पोटापाण्याचा उल्लेख नाही.

मला ही प्रतवारी आठवते ती फाल्गुनात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीसाठी ऊसतोडीस आणि मजुरीस गुजरातेत गेलेली कुटुंबे मुद्दाम परततात, आणि नवस बोललेले पुरुष अंगावर राखेची नक्षी रेखून, डोक्यावर मोरपिसांचा टोप व कमरेला भोपळे-घुंगरू बांधून 'बुध्या' होतात. त्या वेषामागे कित्येक दिवसांची 'पालनी' असते: खाटेवर निजावयाचे नाही, स्त्रीसंग वर्ज्य, आणि स्नानही वर्ज्य, अंग धुवावयाचे ते व्रत उतरल्यावर. ढोलाच्या त्या घुमाऱ्यात नाचणाऱ्यांमध्ये बी.ए., बी.एस्सी. झालेली मुलेही असतात, आणि त्यांना पाहताना वाटते की, पारस्कराचा व्रतस्नातक शोधावयास काशीपर्यंत जाण्याचे कारण नाही. होळी विझल्यावर उरलेल्या वर्षभरात हीच मुले कोण असतात, हा प्रश्न मात्र विझत नाही.

हा मुलूख ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी, १९९० साली, जळगावास विद्यापीठ स्थापन झाले होते; २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. (अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या नावाची सनद हाती घेताना, तिने शेतात आणि जात्यावर जन्मभर जे केले त्याला पेशा म्हणावे की नाही, असे कोणी स्वतःस विचारीत असेल, असे दिसत नाही.) धडगाव-तळोद्याच्या पाड्यापाड्यांतून घरातला पहिला पदवीधर निघू लागला, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक वडीलधारा त्याला एकच विचारू लागला, 'नोकरी लागली का रे?' यावर त्याचे ठरलेले उत्तर, 'नाही काका, तयारी करतोय.' पहाटे पोलीसभरतीसाठी मैदानावर धावावयाचे, दिवसा अभ्यासिकेत तलाठ्याच्या आणि वनरक्षकाच्या परीक्षेची पुस्तके पाठ करावयाची, हंगामात चार महिने मिळेल ती मजुरी करावयाची, आणि पुढल्या जाहिरातीची वाट पाहावयाची, असा तो 'तयारी' नावाचा आश्रम आहे. चार आश्रमांत त्याची गणना नाही, आणि वयोमर्यादेखेरीज त्याला दुसरी मुदत नाही.

गंमत अशी की, ज्या मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाची व्रते सविस्तर सांगितली आहेत, त्याच्याच आरंभी उपजीविकेचे प्रकार मांडताना सरवा वेचून जगण्यास 'ऋत' असे उदात्त नाव दिले आहे, आणि चाकरीस 'श्ववृत्ती', म्हणजे कुत्र्याचे जिणे, ठरवून ती वर्ज्य केली आहे. आमच्या स्नातकाला आस आहे ती त्या वर्ज्य वृत्तीची, आणि सरवा वेचणे आले आहे ते त्याच्या आईच्या वाट्यास. मनूचा तोरा मला मान्य नाही. ज्याचा दानावरचा हक्क शास्त्राने आधीच नोंदवून ठेवला आहे, त्याने चाकरीस नाके मुरडावीत यात पुरुषार्थ तो कोणता?

परंतु चाकरी नाकारणारे सारेच तसे नव्हते. बडोद्यास शिकणारे विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघाले आणि सुरतेस गाडीतून उतरून काशीची वाट धरते झाले. प्रमाणपत्रे त्यांनी त्यापूर्वीच आईच्या देखत अग्नीस दिली होती. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग नंदुरबारवरून जातो, आणि त्याच मार्गाने आमचे पदवीधर नेमके उलट दिशेने, कामाच्या शोधात, सुरतेस उतरतात. पुढे १९७२ च्या सुमारास शहाद्यास अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल सर्वोदयी कार्यकर्त्याच्या हाकेस ओ देऊन मुंबई-पुण्याची शिकलेली मुले आली आणि गहाण पडलेल्या जमिनींसाठी व सालदारांच्या मजुरीसाठी श्रमिक संघटना उभी राहिली. त्यांतले कुमार शिराळकर मुंबईच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले. नोकरी सोडून ते जे आले, ते २०२२ मध्ये निधन होईपर्यंत शेतमजुरांच्या चळवळीतच राहिले.

या थोर उदाहरणांनी पाड्यावरल्या मुलास लाजविण्याची जी रीत व्याख्यानांतून पडली आहे, ती मला अधर्म्य वाटते. त्यागास अधिकार लागतो. जी वस्तू हाती येऊ शकत होती तिचाच त्याग संभवतो, जी आलीच नाही तिचा अभाव असतो, आणि अभावाला त्यागाचे नाव देणे ही उपाशी माणसास एकादशीचे पुण्य देऊ करण्यासारखी थट्टा आहे. बापाने बैल विकून ज्याची फी भरली, त्याने पगाराची इच्छा धरली तर ती आसक्ती नव्हे, ऋणाची जाणीव होय.

तरीही नोकरी लागेपर्यंतचे त्याचे कर्म कोणते, हा प्रश्न उरतो, आणि तो सोडविण्यास विनोबांचाच आधार घ्यावा लागतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, म्हणजे नंदुरबार ज्याचा भाग होते त्या पश्चिम खानदेशात, त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत 'विकर्म' या शब्दाचा रूढ अर्थ बाजूस सारून, बाह्य कर्माच्या जोडीस ओतलेले चित्त, असा अर्थ त्यांनी केला आहे. कर्मात विकर्म मिळाले म्हणजे ते अकर्म होते, त्याचे ओझे वाटेनासे होते. भरतीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या ठायी याचे विपरीत चित्र दिसते. चित्त तर त्याने सारे ओतलेले आहे, परंतु ज्या कर्मात ते ओतावयाचे ते कर्म दुसऱ्या कोणाच्या निकालपत्रात अडकून पडले आहे; आणि दरम्यान हातून जे घडते, त्याला तो स्वतःही कर्म मानीत नाही. त्याचे खरे दैन्य, माझ्या मते, रिकामपणात नाही, या न मानण्यात आहे. आणि ते त्याने आपल्याकडूनच उचलले आहे.

एकदा एका कचेरीत दाखल्याची दरखास्त भरणाऱ्या अशाच एका मुलाशेजारी मी बसलो होतो. धडगावकडचा, इतिहासाचा पदवीधर. बोलण्यात कळले की २००६ च्या कायद्याखालचे पाड्यावरचे बहुतेक वनहक्क दावे त्याच्या हातचे. रुग्णालयात नेलेल्या म्हाताऱ्यांचे पावरीतले गाऱ्हाणे डॉक्टरांना मराठीत तोच सांगणार. संध्याकाळी ओसरीवर आठ-दहा पोरांना पाढे शिकविणार. दरखास्तीत 'पेशा' असा रकाना होता. तेथे तो बराच वेळ थांबला. शेवटी त्याने काही न लिहिताच कागद खिडकीतून आत सारला, आणि आतल्या कारकुनाने, कसलाही दुष्ट भाव मनात न धरता, त्या रकान्यात 'निरंक' असे लिहून शिक्का मारला.