डोंगल कुणाच्या खिशात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावातून जाणारा नागपूर-तुळजापूर रस्ता उत्तरेला आर्णी तालुक्यात शिरतो. त्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे, लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मांची नोंद झाली. सगळ्या नोंदी केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीत, म्हणजे ज्याला सगळे सीआरएस म्हणतात त्यात, ग्रामपंचायतीच्याच आयडीवर. पुढे गुन्हा दाखल झाला, तपासाचे धागे राज्याबाहेर गेले, आणि चर्चा रंगली ती घुसखोर कोण नि नागरिक कोण याची. ते पोलिसांनी आणि पुढाऱ्यांनी बघावं. मला खटकलं ते वेगळंच. गावाच्या नावावर तीन महिने एवढा मोठा कारभार चालला आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता. कागदी रजिस्टरांचा काळ असता तर २७ हजार नोंदी लिहायला किती रजिस्टरं लागली असती, ती कुठल्या कपाटात मावली असती आणि किती जणांच्या नजरेस पडली असती! संगणकानं काम सोपं केलं, यात शंका नाही. कुणाचं, एवढंच विचारायचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यानं हा प्रश्न विचारणं साजेसंही आहे. महागावला लागून पुसद तालुका, आणि तिथल्या गहुलीचे वसंतराव नाईक. १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी केंद्रानं नेमलेल्या बळवंतराय मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समितीच्या पातळीवर होता. नाईक समितीनं वजन जिल्ह्याच्या पारड्यात टाकलं. त्या काळात त्याला कारणं होती, आणि त्यातून बरंच उभंही राहिलं. पण कागदाची दिशा तेव्हाच ठरून गेली. गाव माहिती पुरवणार, गट ती गोळा करणार, जिल्हा वर पाठवणार. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, तरी कागद त्याच वाटेनं जात राहिला. संगणक आला तोही त्याच वाटेवर.

२०११ साली ‘संग्राम’ आला, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींचं दप्तर संगणकावर आणायचं आणि दाखले गावातच द्यायचे, अशी कल्पना होती. कल्पना चांगलीच होती. २०१६ मध्ये तिची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’नं घेतली. सुरुवातीच्या वर्षांत ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून या केंद्रापोटी महिन्याला १२,३३१ रुपये मोजायचे आणि त्यातले सहा हजार केंद्रातल्या संगणक परिचालकाच्या पदरात पडायचे, तेही वेळेवर पडतीलच असं नाही. आम्हाला कर्मचाऱ्यांचा दर्जा द्या, म्हणून हे परिचालक वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले, कधी आझाद मैदानावर, कधी नागपूरच्या अधिवेशनावर. राज्याची सगळी ई-पंचायत ज्याच्या बोटांवर उभी, तो माणूस शासनाच्या हिशेबात धड कर्मचारीही नाही.

त्याच्या टेबलापाशी जरा उभं राहून बघावं. ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे नमुना १ ते ३३. ते भरायचं. ई-ग्रामस्वराजवर विकास आराखडा चढवायचा, खर्चाची व्हाउचरं चढवायची, रोजगार हमीचं बघायचं, घरकुलांचे फोटो अपलोड करायचे, आणि मध्येच पंचायत समितीतून व्हॉट्सॲपवर फर्मान येतं की अमुक माहिती आज पाचच्या आत. समोर प्लास्टिकच्या पिशवीत आधारची झेरॉक्स घेऊन एक बाई उभी असते. तिला घरकुलासाठी नमुना आठचा उतारा हवा असतो. स्क्रीनची पाठ तिच्याकडे. “मावशी, साइट चालून नाही राह्यली. उद्या या.” दिवस कापूस वेचणीचे, वेचणीचा पैसा किलोवर. तिचा आजचा दिवस गेला, आता उद्याचाही जाणार.

यावर कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला दंड. पण मुदत मोजायची कुठून? अर्ज दाखल होऊन पावती मिळाली, तिथून. ‘उद्या या’ ऐकून परतलेल्या बाईचा अर्जच दाखल झालेला नसतो. म्हणजे तिला चार चकरा पडल्या तरी संगणकाच्या लेखी उशीर शून्य, आणि जिल्ह्याच्या आढाव्यात निपटारा शंभर टक्के. सुधारणा इथे हवी. आधी पावती, मग साइट. साइट बंद असेल तर हातानं लिहिलेली, तारीख घातलेली पावती द्यायची. यासाठी निधी लागत नाही, फक्त तशी सक्ती लागते.

दुसरी जागा डोंगलची. ग्रामपंचायतीचा पैसा आता चेकनं फारसा निघत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) या दोघांच्या डिजिटल सह्यांनी तो थेट खात्यात जातो. चेकबुकातल्या खाडाखोडीला त्यानं आळा बसला, हे मान्यच. पण सही एका डोंगलमध्ये असते आणि डोंगल खिशात मावतो. महाराष्ट्रात निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत. त्यातल्या किती जणींचा डोंगल त्यांच्याच पर्समध्ये असतो, हे गावोगावी हलक्या आवाजात विचारून बघावं. आणि ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असली की लॉगिन त्याचं, पासवर्ड परिचालकाला पाठ आणि ओटीपी फोनवरून, हा सोयीचा मामला होतो. यात दर वेळी कुणाची नियत वाईट असते असं नाही. काम उरकायचं असतं. पण चोराला शिरायला अशीच सोय लागते.

म्हणून संगणक नको, असं म्हणणारा मी नाही. महागाव-पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. कायद्यानं जन्म जिथे झाला तिथेच नोंदायचा. कारखान्याच्या गावी बाळ झालं की नोंद तिकडच्या दप्तरात, आणि सहा वर्षांनी शाळेत दाखला मागितला की बाप शे-दोनशे कोसांवरचं ते गाव शोधत फिरणार. हीच नोंद सीआरएसमध्ये नीट झाली असेल तर दाखला महागावातही निघतो. या माणसाला ई-पंचायत खऱ्या अर्थानं हवी आहे. आणि ते जमतं हेही दिसलंय. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातली रोहिणी ही आदिवासी गावाची ग्रामपंचायत. २०२५ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्कारांत ग्रामपंचायतींसाठी पहिल्यांदाच वेगळा गट ठेवला, त्यात सुवर्णपदक तिनं घेतलं.

मात्र पुरस्कारापेक्षा मला महसूल खात्यानं २०१७ मध्ये केलेला एक उद्योग जास्त मोलाचा वाटतो. सातबारे संगणकावर चढवताना चुकांचा खच पडला होता. कुणाचं क्षेत्र घटलं, कुणाच्या बापाचं नाव बदललं. तेव्हा खात्यानं काय केलं? गावोगावी चावडीवाचन. संगणकातून छापलेला सातबारा चावडीवर मोठ्यानं वाचायचा आणि खातेदारांनी चूक दाखवायची. सगळीकडे ते मनापासून झालं नाही, काही ठिकाणी सह्यांपुरतंच उरकलं. तरी तत्त्व पक्कं होतं. गावाबद्दलची नोंद खरी की खोटी, हे गावाइतकं कुणालाच कळत नाही. सर्व्हरला ते कळायचं काही कारण नाही.

तेच ग्रामपंचायतीच्या दप्तराला लावावं. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात. प्रत्येकीत मागच्या तिमाहीचं ऑनलाइन दप्तर वाचायचं: किती पैसे कुणाच्या खात्यात गेले, घरकुलाच्या यादीत कोण आहे, कुणाच्या जन्माची नि मृत्यूची नोंद झाली. आधार नंबर किंवा मृत्यूचं कारण वाचायचं नाही, नुसती नावं. दीड हजार वस्तीच्या गावात तीन महिन्यांत जन्म होऊन होऊन किती होणार? पाच-सात. वाचायला दोन मिनिटं पुरतात. शेंदुरसनीची यादी वाचायला घेतली असती, तर पहिल्या पानावरच कुणीतरी उठून विचारलं असतं की ही माणसं कुठली.

ग्रामसभाच कागदावर होतात, त्याचं काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. आता केंद्रानं ‘सभासार’ नावाचं साधन आणलंय, ग्रामसभेच्या चित्रफितीवरून इतिवृत्त आपोआप तयार करणारं. छान. पण तांड्यावरचा वाद बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत रंगला तर त्याचं काय सार निघणार, आणि मागे बसलेल्या बाईचं हळू बोलणं माइकपर्यंत पोचणार का? इतिवृत्त सुबक झालं म्हणून सभा झाली असं होत नाही. माणसं सभेला येतात ती तिथे आपल्या कामाचं काही कळतं तेव्हा. शेजाऱ्याच्या नावावर घरकुलाचा हप्ता कधी पडला, हे ऐकायला न बोलावताही गर्दी होईल.

सभेला न येणाऱ्यांसाठी तीच यादी छापून पंचायतीच्या भिंतीवर लावावी. त्याला नवं ॲप लागत नाही. एक फळा लागतो, चार टाचण्या लागतात आणि छापणाऱ्या परिचालकाचा पगार वेळेवर लागतो. टाचण्यांचं गाव बघून घेईल. पगाराचं मुंबईनं बघावं.