मागापुढची परीक्षा, टेबलापुढची परीक्षा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात नवा माणूस काम मागायला आला, तर त्याला कोणी खुर्ची देत नाही. चालू मागाजवळ उभं करतात. ताण्याची तार तुटली की ती त्याच्या नजरेला किती लवकर पडते, माग थांबवून तो गाठ कशी मारतो, कांडी बदलताना हात अडखळतो का, एवढंच जुना कामगार बघत असतो. अर्ध्या तासात निकाल लागतो. माणूस घरी तेलुगू बोलतो, कन्नड, उर्दू की मराठी, याची चौकशी होत नाही. गाठ जाड बसली तर ती चादरीवर दिसतेच.

या कामगारांच्या घरांतल्या शिकलेल्या मुली सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघतात. मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल, हातात मोबाइल, त्यावर लिहून पाठ केलेला इंग्रजी परिचय. चारेक तासांनी पुणे येतं आणि दुपारी कोणीतरी म्हणतं, ‘स्वतःविषयी सांगा.’ घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि इथे इंग्रजी. पंधरा-वीस मिनिटांत तिला या तिन्ही भाषांचा प्रवास करायचा असतो. उत्तर बरोबर असलं तरी त्यातला सोलापुरी हेल आधी ऐकू जातो. तिला संगणकावर काय येतं, हे अनेकदा विचारायचंच राहून जातं.

गप्पांच्या ओघात घेतलेल्या अशा मुलाखतीला इंग्रजीत ‘अनस्ट्रक्चर्ड’ म्हणतात. तिचं वजन मोजून झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचा जुना अभ्यास पुन्हा तपासला. निवडीच्या वेळचे गुण आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती, हे शून्य ते एक या मापावर पाहिलं, तर मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर येते. ठरवून बांधलेली मुलाखत ०.४२ वर, म्हणजे दुपटीहून पुढे. या दुसऱ्या प्रकारात सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे हे आधी लिहून ठेवतात. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी ०.३३ वर आहे. अनेक नोकऱ्यांत मुलाखत घेणाऱ्याला आपली पारख अचूक वाटते. आकडे तसं सांगत नाहीत.

पॅनेल, गटचर्चा, मोबाइलवर उत्तर रेकॉर्ड करून पाठवायची मुलाखत, असे प्रकार वाढत गेले आहेत. सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांची निवड तर पाच दिवस चालते. पण खोलीत माणसं किती, यापेक्षा प्रश्न कोणी, केव्हा आणि कशासाठी ठरवले, हे महत्त्वाचं.

मागाजवळची निवडही आपोआप न्यायाची होत नाही, हे मात्र सोलापूरनेच पाहिलं आहे. १८७०च्या दशकात इथे पहिली गिरणी उभी राहिली. गिरण्यांच्या त्या जमान्यात कामावर घेणं जॉबरच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, हाती असे. कामगार कसबी आहे की नाही हे जॉबरला कळत होतं, पण दस्तुरी, म्हणजे त्याचा हप्ता, दिल्याशिवाय दार उघडेलच असं नव्हतं. भारतातल्या कामगारांविषयीच्या शाही आयोगाने १९३१च्या अहवालात भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली, ती याच कारणाने. पारख असूनही नियम नसला, तर गरजू माणूस पारख करणाऱ्याच्या मेहेरबानीवर राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये अजय हासिया खटल्यात नेमकं हेच दुखणं पकडलं. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाला लेखी परीक्षेचे १०० आणि मुलाखतीचे ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि वडील काय करतात, राहता कुठे असले प्रश्न विचारले, अशी उमेदवारांची तक्रार होती. प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणं मनमानीचं ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं. केंद्र सरकारने २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. लेखी परीक्षेने वशिला अडतो, हे खरं. पण वर्गात चाळीस मुलांसमोर उभं राहण्याची हातोटी प्रश्नपत्रिकेत सापडत नाही.

म्हणून राज्यातल्या शिक्षक भरतीची घडण लक्ष देण्यासारखी आहे. २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आधी होते, यादी शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून येते. मुलाखतीसह निवड करणाऱ्या खासगी संस्थेत अध्यापन कौशल्य आणि मुलाखत यांसाठी ३० गुण असतात. उमेदवाराच्या हातात खडू देऊन ‘अपूर्णांक शिकवा’ म्हणणं, हे मागाजवळ उभं करणंच आहे. फक्त गुण कशाला द्यायचे, हे पाठ सुरू होण्याआधी कागदावर असलं पाहिजे. नाहीतर ते ३० गुण पुन्हा जॉबरच्या हाती जातील.

पुण्याच्या कंपन्यांना असं करायला कोणाची परवानगी लागत नाही. मुलीला एक बिघडलेला प्रोग्राम द्यावा, तासभर संगणकासमोर बसवावं आणि चूक कुठे होती ते तिला सुचेल त्या भाषेत सांगू द्यावं. जी कामं ग्राहकाशी इंग्रजीत बोलण्याची आहेत, तिथे इंग्रजी जरूर तपासावं. बाकीच्यांसाठी हा एक तास काढावा. तिच्या वडिलांसाठी कारखान्यातल्या जुन्या कामगाराने अर्धा तास काढला होता, तोही माग चालू असताना.