जास्तीचा तंबोरा

पेठच्या पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नसते, म्हणून आमची सौ. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलते. यंदा पाळी माझ्या स्टिरिओवर आली. "कुठंही ठेवा, पण वायरी दिसता कामा नयेत!" मी मेनची, रेकॉर्डप्लेअरची, स्पीकरची अशा झाडून साऱ्या वायरी पायजम्याच्या नाडीने एकत्र आवळल्या आणि कपाटामागे लोटल्या. भिंत कशी लख्ख! फक्त रेकॉर्ड लावली, की मागून अखंड घूंऽऽ.

त्याचं असं, की मेनमधली वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते आणि प्लेअरहून येणारा नाद असतो काही हजारांश व्होल्टचा. दोघं खेटून झोपले, की दांडग्याची घोरणी गरिबाच्या गाण्यात शिरते आणि अ‍ॅम्प्लिफायर बिचारा दोन्ही इमानाने वाढवतो. दोघांत वीतभर अंतर हवं. ओलांडायचंच झालं, तर काटकोनात. म्हणजे वायर भिंतीवर दिसणार!

रविवारी शेजारचे गुरुजी ख्याल ऐकायला आले. डोळे मिटून म्हणाले, "तंबोरा काय लागलाय!" मी गप्प बसलो. आता, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का हो? आमच्या बँकेत कॅश दहा रुपयांनी जास्त भरली, तरी तो फरकच. निमूटपणे नोंदवावा लागतो. इथं तर मी जास्तीचा तंबोरा खिशात घातला होता.

रात्री झोप लागेना. उठून नाडी सोडली.

पुढच्या रविवारी गुरुजी जरा अस्वस्थ दिसले. "आज तंबोरा कमी पडतोय हो."

सौ. भिंतीवरच्या वायरीकडे बघत म्हणाली, "ऐकलंत?"