भिंतीची अलीकडची बाजू

जुन्या इमारतीतली नऊ इंची विटांची भिंत दर चौरस मीटरला 400 किलोच्या आसपास भरते. आजच्या अनेक फ्लॅटांत दोन बिऱ्हाडांमध्ये सहा इंची एएसी ब्लॉकची भिंत असते, आणि कुठे कुठे तर चार इंचीच. सहा इंची ब्लॉकची भिंत गिलाव्याखेरीज 100 किलोच्या आतबाहेर. हा ब्लॉक हलका, उष्णता अडवणारा आणि इमारतीवरचा भार कमी करणारा आहे, त्यामुळे बांधणाऱ्याला तो का आवडतो हे कळते. पण हवेतून येणारा आवाज अडवायला भिंतीला वजन लागते. वजन निम्मे झाले की साधारण 5 ते 6 डेसिबल आवाज जास्त पलीकडे जातो. चौथाईवर आले तर 10-12. आणि 10 डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट वाटते. शेजारी पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलू लागलेले नसतात, मधली भिंत हलकी झालेली असते. हे एकदा समजले की मनातला निम्मा राग उतरतो, असे मला वाटते.

मग आपण उपाय शोधतो, आणि पहिला हात जातो फोमकडे. भिंतीवर चिकटवलेला तो खाचाखाचांचा स्पंज आपल्याच खोलीतला घुमारा कमी करतो. शेजारच्या टीव्हीला तो अडवत नाही, कारण त्यात वजनच नाही. खरा फरक पडतो तो मूळ भिंतीला न टेकवता उभ्या केलेल्या चौकटीवर जिप्सम बोर्डाचे दोन थर लावून, मधल्या पोकळीत काचलोकर भरल्यावर. पण त्याला खर्च येतो आणि खोलीची चार बोटे जागा जाते.

त्याआधी फटी पाहाव्यात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढे भोक आरपार राहिले, तर ती भिंत कितीही जाड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतील तर तिथे भिंत नावापुरतीच उरते. एसीच्या पाइपाभोवतीचे भोक, तुळईखाली नीट न भरलेला सांधा, या जागा सीलंटने बुजवायला एक दुपार पुरते.

आदळण्या-घासण्याचा आवाज मात्र वेगळा. ओट्यावरचा मिक्सर, खलबत्त्यात कुटलेले आले, फरशीवर ओढलेली खुर्ची, भिंतीला टेकून थरथरणारे वॉशिंग मशीन. हे धक्के स्लॅबमधून आणि तुळयांमधून पसरतात आणि दोन खोल्या पलीकडेही निघतात. ज्याला त्रास होतो त्याने आपली भिंत मढवली तरी ते पुरते थांबत नाहीत. पण जिथे ते जन्मतात तिथे मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा ठेवला, खुर्चीच्या पायांना नमद्याच्या टिकल्या लावल्या, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, की शंभर-दोनशे रुपयांत काम होते.

मला यातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते. माझ्या घरातल्या शांततेचा सर्वांत स्वस्त उपाय माझ्या हातात नाही. तो शेजारच्या स्वयंपाकघरात आहे. आणि त्यांचा माझ्या. मी टीव्हीचा स्पीकर सामायिक भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर लावला, तर मला काहीच फरक कळणार नाही. कळेल तो पलीकडे उशाला भिंत घेऊन झोपणाऱ्या आजींना. म्हणून हे काम तक्रारीची वाट न बघता करावे.

कायद्यापुरते बोलायचे तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण त्या नियमांचा रोख मुख्यतः लाउडस्पीकर, भोंगे, फटाके यांच्याकडे. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्या नर्सची रात्र त्यात बसत नाही. ती कधी झोपते हे शेजाऱ्यालाच ठाऊक असू शकते, तेही विचारले तर.

विचारण्याची एक सोपी रीत आहे. एका रविवारी शेजारच्या काकूंना म्हणावे, ‘‘तुम्ही मिक्सर लावा, मी आमच्याकडे भिंतीशी उभी राहते, मग मी लावते, तुम्ही ऐका.’’ एकीने भिंतीवर तळहात ठेवावा, स्विचबोर्डाशी कान न्यावा, दार लावून पाहावे, उघडून पाहावे. अर्ध्या तासात कुठल्या जागा बोलतात ते दोघींना कळते. दिवाळीच्या रंगकामाआधी हे केले तर बरे. सांधे बुजवून त्यावरच रंगाचा हात मारता येतो.